कुसाबाईला ड्रायव्हर पाहिजे

कुसाबाई हे एका ट्रकचं नाव. गोटीरामतात्यांनी आपल्या आईचं नाव पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं आणि आईचा ठेवावा तसाच त्या ट्रकचा मान ठेवला होता. सकाळी आधी तिची आंघोळ, मग स्वतःची. असं असूनही कुसाबाई गेल्या पावसाळ्यापासून मखमलाबाद रोडवरच्या त्यांच्या रो-हाऊससमोर नुसती उभी होती. नजर अधू झाल्यामुळे तात्यांचं लायसन पुढे वाढेना, आणि पगारी ड्रायव्हर काही टिकेना.

ड्रायव्हर का टिकत नाही हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. तात्या क्लीनरच्या बाजूला बसत आणि तिथून गाडी चालवत. तिकडे ना स्टिअरिंग ना ब्रेक, पण तात्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत राही. दाबून दाबून त्या जागी रबरी मॅटला भोक पडलं होतं. पहिला ड्रायव्हर चांदवडजवळच्या ढाब्यावर हात धुवायला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्याने निदान रीतसर पाया पडून किल्ली परत केली. तिसरा कसारा घाटाच्या तोंडाशी रडला, असं म्हणतात. माणसं वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत तात्यांना जीव शांत ठेवताच येत नसे. लेकीकडे सुरतेला एसटीने जातानासुद्धा ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसत आणि सगळी बस घोरत असताना त्या बापड्याला मनातल्या मनात गिअर सांगत.

पोळ्याला सटाण्याचा एक व्यापारी येऊन गाडी बघून गेला. टायरवर हात फिरवून म्हणाला, "गाडी चांगली शे तात्या. इचार करा." तात्यांनी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या वेळी निर्णय जाहीर केला.

"तुळशीच्या लग्नापोहोत वाट बघू. घरात कोणी लायसनवाला निघाला तर ठीक, नाय तर कुसाबाईची पाठवणी करू."

हे बोलताना त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा हर्षल हा सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. त्याला स्वतःची छोटी कार मागे घ्यायची झाली की शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर येऊन हात हलवत. त्याने पोह्यातला शेंगदाणा मोठ्या अभ्यासाने बाजूला काढला आणि मान वर केली नाही.

"मी शिकते," उज्वला म्हणाली.

उज्वला ही हर्षलची बायको, तात्यांची सून. माहेर विंचूरचं. सायखेड्याच्या भागुबाई आणि त्यांच्या गटातल्या बायकांचा भाजीपाला आणून ती शहरातल्या मेसना पुरवायची, आणि भाड्याच्या पिकअपवाल्याची मर्जी सांभाळता सांभाळता तिचा अर्धा जीव जायचा. दारात ट्रक उभा असताना दुसऱ्याच्या पिकअपची मनधरणी करणं तिला पटत नव्हतं. हे तिने सगळ्यांना सांगितलेलं कारण. न सांगितलेलं असं की, कुठेच न गेलेली गाडी तात्या रोज सकाळी धुवायचे, टायरच्या खाचेतला नसलेला चिखल काडीने काढायचे, आणि ते तिला बघवत नसे.

बातमी शेजारी पोचायला चहा उकळेल एवढाच वेळ लागला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले भामरेकाका खडू घेऊनच आले आणि त्यांनी कॉलनीच्या रस्त्यावर वळणाचं शास्त्र काढून दाखवलं. काकांनी आयुष्यात स्कूटरखेरीज काही चालवलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतांत कुठे शंकेला जागा नव्हती. समोरच्या साधनावहिनींनी बजावलं, "शनिवारी नाव घालू नकोस गं. शनिवारी लोखंड घरात आणू नये." लोखंड दारातच उभं आहे, आणायचा आहे तो कागद, हे उज्वलाने सांगून पाहिलं. वहिनींचं म्हणणं पडलं की कागद लोखंडाचाच ना.

मग मेडिकल सर्टिफिकेट. उज्वला सोबतीला हर्षलला घेऊन गेली ही तिची चूक. डॉक्टरांनी "ट्रकचं लायसन" एवढं ऐकलं आणि हर्षलला तक्त्यासमोर उभं केलं. त्याचे डोळे पाहिले, कान पाहिले, वाकायला लावलं, उठायला लावलं आणि सर्टिफिकेटवर त्याचं नाव लिहून सहीसुद्धा ठोकली. हर्षल स्वभावाने इतका भिडस्त की हे सगळं त्याने करू दिलं. "पेशंट मी आहे," असं उज्वलाने तिसऱ्यांदा सांगितल्यावर डॉक्टर गोरेमोरे झाले, आणि त्या भरात त्यांनी तिचे डोळे दोनदा तपासले. निष्कर्ष असा निघाला की त्या घरात ट्रक चालवायला प्रकृतीने दोघंही लायक आहेत. हर्षल घरी येईपर्यंत जरा घाबरलेलाच होता.

पेठ रोडवरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सहादू मास्तर शिकवायचे. माणूस सुरगाण्याकडचा, डोंगरातल्या जीपवर हात बसलेला, बोलण्यात अत्यंत काटकसरी. पहिल्या दिवशी त्यांनी उज्वलाकडे बघून आतून एक उशी आणली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. दोन उशांवर बसून तिला बॉनेट दिसलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "चला." ट्रक पुढे न्यायला ती इतक्या लवकर शिकली की मास्तरांनी तंबाखू मळायला घेतली, आणि हा त्यांच्याकडचा मोठा शेरा समजला जाई.

घोडं अडलं रिव्हर्सला.

आता इथे उज्वलाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, म्हणून थोडं समजावून सांगायला हवं. लग्नाआधी घरचा कांदा ती स्वतः ट्रॅक्टर चालवून विंचूरच्या मार्केटात न्यायची. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. ट्रॉलीचं ढुंगण डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे वळवायचं. चांगल्या चांगल्या पुरुषांची ट्रॉली अशा वेळी मधेच मुरडते आणि मागचे लोक शिव्या देतात. उज्वला मात्र दोन ट्रॉल्यांच्या फटीत आपली तिसरी ट्रॉली अशी सरकवायची की मधे उभा असलेला चहावाला कप हातात धरून तसाच उभा राही. लिलाव सोडून माणसं बघत. आणि आता या मुलीने ट्रक डावीकडे न्यायला म्हणून चाक फिरवलं आणि ट्रक सरळ उजवीकडे जाऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या पाण्याच्या टाकीला टेकला.

"तै, ट्रक हाय ह्यो," सहादू मास्तर भिजलेल्या पायांकडे बघत म्हणाले. "ह्याला कंबर नाय. तुम्ही वळवाल तिकडंच जायाचा."

डोक्याला ते समजलं होतं. हातांना कोणी सांगायचं? जे हात रिव्हर्सला अडाणी असतात त्यांना शिकवता येतं. हिचे हात पंडित होते, फक्त दुसऱ्या शास्त्राचे. तरी रोज घासून घासून तिने ते जमवत आणलं आणि टेस्टचा स्लॉट घेतला.

पहिल्या टेस्टला सगळं घर निघालं. भामरेकाका घरचे नव्हते, तेही निघाले. तात्यांनी नारळ, हळदकुंकू आणि चार लिंबं घेतली. नवी गाडी निघताना चाकाखाली लिंबू ठेवायचं हे ठीकच आहे, पण ही होती ड्रायव्हिंग स्कूलची जुनीपानी गाडी आणि जागा होती टेस्टचा ट्रॅक, जिथे खांबाखांबाला कॅमेरे. नारळ फुटला, पाणी उडालं आणि आतून वॉचमन धावत आला. शेवटी हर्षलने कंपनीचं ओळखपत्र गळ्यात असतानाच खराट्याने ट्रॅक झाडून दिला. इन्स्पेक्टर मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी प्रसादाचा तुकडा घेतला आणि बाकीच्यांना रेलिंगच्या बाहेर उभं केलं.

वळणं झाली, आठचा आकडा झाला. मग आला चढ. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायची, आणि मागे न सरकू देता पुन्हा उचलायची. उज्वलाने गाडी अगदी रेघेवर थांबवली. हँडब्रेक ओढला. रेलिंगबाहेर सगळ्यांनी श्वास धरला. आणि तेवढ्यात तात्या रेलिंगखालून आत शिरले. बहात्तर वर्षांचा माणूस, हातात चांगला पायलीएवढा दगड, धोतराचा सोगा खोचून चढावर धावला आणि त्याने तो दगड मागच्या चाकाला लावला. लावून वर ओरडून सांगितलं, "हां, सोड आता."

मॅडम खाली उतरून आल्या. "आजोबा, तुम्ही कोण?"

"गाडीचा क्लीनर," तात्या म्हणाले. क्लीनरकी सोडून त्यांना अर्धं शतक झालं असेल, पण त्या क्षणी ते तेच होते.

बाहेरची मदत घेतली म्हणून टेस्ट नापास. घरी येताना कारमध्ये तात्या खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "चढावर गाडी थांबली का दगड लावायचा असतो. हे त्यांला म्हाईत नसंल तर माझा काय दोष." उज्वलाला हसू आवरेना, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेलाच नाही. या माणसाने चढावर उभी गाडी बघितली आणि वय, कायदा, कॅमेरे, सगळं विसरून तो धावला होता.

दुसऱ्या टेस्टला तात्यांना घरी ठेवलं. चढ सुरेख झाला. पण रिव्हर्सला खांब दिसले, बाहेर रांगेत उभे असलेले पुरुष दिसले, त्यातला एक मोबाईल वर धरून उभा दिसला, आणि उज्वलाच्या हातांना एकदम विंचूरचं मार्केट आठवलं. ट्रक दिमाखात उलट्या दिशेला गेला आणि खांबाला भिडला.

ही बातमी विंचूरला कशी पोचली कळायला मार्ग नाही. संध्याकाळी भावाचा फोन आला. तो चिडवत नव्हता, खरोखरच चिंतेत होता. "ताई, तुझी तब्येत बरी हे ना? लोक म्हणतात तू रिव्हर्सला नापास झाली." पुढे गेली असती आणि कुठे आदळली असती तर तिने ते सोसलं असतं. पण रिव्हर्सला! तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. भामरेकाका सांत्वनाला आले आणि खडूने एक नवी आकृती काढून गेले. सटाण्याच्या व्यापाऱ्याचाही नेमका त्याच दिवशी फोन आला.

"द्या विकून, तात्या," उज्वला म्हणाली. "माझ्या हातानं नाही व्हायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाईची आंघोळ झाली नाही. बादली तशीच भरून ठेवलेली, आणि तात्या क्लीनरच्या बाजूला चढून बसलेले.

"ये. बस हिकडं. चाक धर." ती बसली. "मागं घ्यायचीय असं समज आन् फिरव."

तिने फिरवलं. तात्यांनी रस्त्याकडे न बघता नुसते तिचे हात बघितले. नजर अधू असली तरी एवढ्या जवळचं त्यांना दिसत होतं.

"तू चाक खालून धरती."

उज्वलाने पाहिलं. खरंच, तिचा हात चाकाच्या तळाशी, पोटाजवळ होता. ट्रॅक्टरवर ती तशीच धरायची. खालून धरलेला हात डावीकडे नेला की चाक उजवीकडे फिरतं आणि ट्रॉली हाताबरोबर डावीकडे येते. एवढी वर्षं तिचा हात बरोबरच होता, आणि त्यामुळेच तो इथे चुकत होता.

"वरून धर. वरून धरला का हात जिकडं, मागची बाजू तिकडं," तात्या म्हणाले. मग थोडं थांबून, काचेवरच्या आईच्या नावाकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. "मी कलकत्त्यापोहोत द्राक्षं नेली. पण ट्रॉली मागं घ्यायला मला कधी नाय जमली. एकदा सासुरवाडीला घेतली ती गोठ्यात घातली. तुझ्या हातात लय मोठं काम हाय पोरी. ते इसरायचं नाय. नुसता हात वर ठेवायचा."

त्यांनी आरशाला टांगलेला काळा गोंडा सोडवला. तो स्कूलच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर अगदी वरच्या बाजूला बांधायचा आणि हात त्यावरून हलवायचा नाही, असं ठरलं.

सकाळी पेठ रोडला सराव आणि संध्याकाळी घरी. कुसाबाई मागे घ्यायला कॉलनीत जागा नव्हती म्हणून घरी तात्या स्वतः ट्रक झाले. हर्षल एकदा कामावरून आला तर हॉलमध्ये दोन खुर्च्या खांबासारख्या ठेवलेल्या, बायको सोफ्यावर बसून कणकेची परात वरच्या काठाला धरून फिरवतेय, आणि त्याचे वडील तिच्या इशाऱ्यावर पाठमोरे चालत त्या खुर्च्यांमधून मागे मागे येतायत. तोंडाने इंजिनाचा आवाजही काढत होते. भामरेकाका खिडकीतून "दाबा, अजून दाबा" म्हणत होते. हर्षलने बूट काढले आणि न विचारता तिसरी खुर्ची आणून ठेवली, म्हणजे वळण जरा अवघड होईल. त्या दिवशी तात्या एकदाच टीव्हीच्या कपाटाला धडकले, आणि ती चूक ड्रायव्हरची नव्हे, ट्रकची होती हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

तिसरी टेस्ट तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर आली. तात्यांना या वेळी नेलं, पण ट्रॅकवर नाही. बाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांना बाकावर बसवलं आणि एका बाजूला हर्षल, दुसऱ्या बाजूला भामरेकाका बसले. तात्यांच्या हातातली पिशवी जड वाटली म्हणून हर्षलने आत पाहिलं. आत दगड होता.

"असू दे," तात्या म्हणाले. "जवळ असलेला बरा."

आत मॅडमनी स्टिअरिंगवरचा गोंडा पाहिला. "हे काय आहे? टेस्टला चाकावर काही बांधलेलं चालत नाही. सोडा ते."

उज्वलाने गोंडा सोडला. समोर तेच खांब, तीच पुरुषांची रांग, आणि आता वरची खूणही गेली. तिने गोंडा पदराला बांधला, हात चाकाच्या माथ्यावर ठेवला आणि डोळे मिटून हॉलमध्ये पाठमोरे चालणारे तात्या आठवले. मग तिने आरशात पाहिलं. तिला खांब दिसलेच नाहीत. खुर्च्या दिसल्या, आणि त्यांच्यामधून धोतर सावरत, तोंडाने घरघर करत येणारे सासरे दिसले. त्यांना धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच तिने केलं. अख्खा ट्रक दोन खांबांच्या मधे सरळ मागे आला आणि रेघेच्या आत थांबला. रांगेतल्या पुरुषांपैकी एकाने टाळी वाजवली. सहादू मास्तरांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकायची विसरून तशीच हातात ठेवली.

ती टपरीवर आली तेव्हा तात्या उठून उभे राहिले. पास की नापास हे त्यांनी विचारलंच नाही.

"चढावर?"

"थांबली, तात्या. सरकली नाही."

"दगड?"

"लागला नाही."

तात्यांनी पिशवीतला दगड काढला, रस्त्याच्या कडेला कोणाच्या पायात येणार नाही असा नीट ठेवला, आणि रुमालाने तोंड पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. भामरेकाका म्हणाले, धूळ फार आहे या रस्त्याला. धूळ नव्हती, पण त्या दिवशी काकांचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं.

लायसन पोस्टाने आलं. सटाण्याच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. कुसाबाईच्या राहिलेल्या आंघोळी एकदम झाल्या, आणि एका सकाळी ती सायखेड्याला टोमॅटो आणायला निघाली. ड्रायव्हरच्या सीटवर दोन उशा आणि त्यांवर उज्वला, मधे हर्षल, क्लीनरच्या बाजूला तात्या. साधनावहिनींनी ओवाळलं. वार शनिवार नाही याची त्यांनी आधीच खात्री करून घेतली होती.

आडगाव नाक्यापर्यंत तात्यांचा पाय ब्रेक दाबत होता. उज्वलाला न बघता कळत होतं. ती गिअर टाकायची त्याच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. ओव्हरटेक करावा की नाही यावर तिचं आणि त्यांचं एकदा, न बोलता, भांडणही झालं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की चांदोरीपर्यंत ते काय काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, बाकीच्या ड्रायव्हरांसारखं पळून जायची सोय तिला नव्हती.

चांदोरीच्या अलीकडे एक उसाची बैलगाडी आडवी आली. उज्वलाने गिअर उतरवला, हलकेच ब्रेक लावला, गाडी जाऊ दिली आणि वाट बघत राहिली. आता बोलतील, आता बोलतील. काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्यात हर्षलने तिच्या हाताला बोट लावलं आणि डोळ्यांनी पलीकडे खुणावलं.

तात्या झोपले होते. मान दाराला टेकलेली, टोपी एका डोळ्यावर घसरलेली, तोंड उघडं. आणि मॅटला पडलेल्या त्या भोकावरून उजवा पाय बाजूला कलंडला होता, झोपलेल्या पोराचा कलंडावा तसा. हर्षल बापाला चालत्या गाडीत झोपलेलं जन्मात पहिल्यांदा बघत होता. उज्वलाच्या डोळ्यांपुढचा रस्ता थोडा विरघळला. तिने तो पापण्या मिटून उघडून जागेवर आणला, कारण आता गाडी तिच्या एकटीच्या भरवशावर होती.

तिने सायखेड्यापर्यंत हॉर्न वाजवला नाही. गावात शिरल्यावर प्रत्येक खड्डा तिने मनधरणी करून ओलांडला. भागुबाई आणि बाकीच्या बाया क्रेट मांडून उभ्याच होत्या. उज्वलाने गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. ते बंद झालं की ड्रायव्हर माणूस जागा होतो, हे तिला ठाऊक होतं.

"आगं उतर की," भागुबाई खालून म्हणाल्या.

उज्वलाने ओठांवर बोट ठेवलं आणि पलीकडे बोट दाखवलं. भागुबाईंनी टाचा उंचावून पाहिलं. मग त्याही क्रेटवर बसल्या, बाकीच्याही बसल्या, आणि सगळ्या जणी हळू आवाजात दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागल्या. कुसाबाई जागच्या जागी घुरघुरत राहिली.

अखेर तात्यांनी टोपी सरळ केली. बाहेर पाहिलं, आत पाहिलं, स्वतःच्या पायाकडे पाहिलं. लोकांसमोर पकडलं गेल्यासारखं तोंड करून ते कडाडले, "आन् गाडी का म्हणून चालू ठेवलीय? डिझेल काय गोदावरीतून येतं?"

उज्वलाने किल्ली फिरवली.